कात्रजच्या पाण्याच्या वाटेनं

वाईहून पुणं काही लांब नाही, पण लग्न होऊन इकडे आल्यापासून पुण्याला जायचं ते कामालाच. कुणाचं ऑपरेशन, कुणाचा बस्ता, भाचीची अ‍ॅडमिशन. स्वारगेटला उतरायचं, रिक्षा करायची, काम उरकलं की अंधार पडायच्या आत परतीची एसटी गाठायची. ज्या शहरात शिकले, पहिली नोकरी केली, तिथं नुसतं भटकायला म्हणून जाणं होतच नव्हतं. या खेपेला मात्र हातात एकही काम न घेता निघाले.

खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, खेड शिवापूर मागं पडलं आणि गाडी कात्रजला आली. खरं तर जुनं पुणं इथूनच सुरू होतं. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या नळातून शनिवारवाड्यापर्यंत नेलं. पंप नाही की इंजिन नाही. कात्रज उंचावर, वाडा खाली, सगळी भिस्त त्या उतारावर. नळातली हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवले आणि पेठांमधून हौद बांधले. शाळेत हे सगळं पाठ केलं होतं. गाडीच्या खिडकीतून उतार बघताना ते पहिल्यांदा कळलं. स्वारगेटपर्यंत रस्ता उतरतच जातो.

पाण्याचाच विषय डोक्यात होता, म्हणून स्वारगेटहून आधी गंज पेठेत फुले वाड्यावर गेले. कौलारू घर, अंगण, तुळशीवृंदावन. शहरात हौद होते, पण ते सगळ्यांसाठी नव्हते. हौदाच्या काठावर तहानलेलं माणूस उभं राहायचं आणि त्याला पाण्याला हात लावायची मुभा नसायची. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. एरवी मी सार्वजनिक सभांमधल्या भाषणांनी हलत नाही, पण त्या अंगणात मला बराच वेळ बोलता आलं नाही. पुण्यात राहत असताना दगडूशेठला किती वेळा गेले असेन. समोरच्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, हे तेव्हा कुणी थांबवून सांगितलं नाही. ती जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडली. तिथे स्मारक व्हायचं आहे. ते लवकर व्हावं. माझ्या हातातली डिग्री त्याच जिन्यावरून आलेली आहे.

मंडईला पोटपूजा केली आणि तिथून मेट्रोनं कसब्यात गेले. स्वारगेटपासून हा मार्ग पेठांच्या पोटातूनच जातो, २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाला. एका स्टेशनाचंच अंतर, पण वर आल्यावर एकदम कसबा पेठ समोर येते आणि थोडं चाललं की तांबट आळीची ठकठक कानावर पडते.

एका घराच्या ओसरीवर काका घंगाळाला मठारत बसले होते. जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर भांडं पालथं घालायचं, डाव्या हातानं किंचित फिरवायचं आणि उजव्या हातातल्या गुळगुळीत तोंडाच्या हातोडीचा ठोका आधीच्या ठोक्याला अगदी चिकटून मारायचा. प्रत्येक ठोक्याला तांब्यावर एक छोटी चकाकती खळी उठत होती.

“काका, हे नुसतं शोभेसाठी असतं का हो?”

“छे हो ताई. भट्टीत तापवलं की तांबं मऊ पडतं. ठोकलं की कडक होतं. मठारलं नाही तर घंगाळ चार दिवसांत पोचे खाईल.”

बंबाला आता फारसं गिऱ्हाईक नाही, हॉटेलवाले आणि शोभेच्या वस्तू मागणारे जास्त, असंही ते म्हणाले. बोलताना हात थांबला नाही. वाईला आमच्या माळ्यावर सासूबाईंचा बंब पडून आहे. त्याच्या अंगावरही त्या खळ्या आहेत, त्या कशा येतात ते आता समजलं.

तिथून नागझरी ओलांडून सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीला गेले. या देवळासाठी तरी पुण्याला जाच. १७५४ ते १७७० या काळात भीमगिरजी गोसावींनी ते बांधवलं. काळ्या दगडाचं, कळस नसलेलं, गल्लीत दडलेलं. आत मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती, भिंतीवर संस्कृत आणि फारसी शिलालेख. पण मी खिळून राहिले ती बाहेरच. दर्शनी भिंतीवर गेंडा कोरलाय, साखळदंडानं बांधलेला, आणि त्याच्याजवळ गोरे शिपाई. बंगाल इंग्रजांच्या ताब्यात गेल्याचं हे चित्र असावं, असा अर्थ अभ्यासक लावतात. पेशवाई भरात असताना पुण्यातल्या एका पाथरवटाच्या छिन्नीखाली ती बातमी आली, यानं मी थक्क झाले.

देवळाखाली तळघर आहे, ते पाण्यानं भरलेलं असतं. गुरुपौर्णिमेला पाणी उपसून ते दर्शनाला उघडतात. तेव्हा जायचं पक्कं केलंय, आणि बरोबर भाचीला घेऊन. पुण्यात शिकते, पण त्रिशुंड तिनंही पाहिलेला नाही.