कटान ग्रहावरचा दुष्काळ

सांगली, मंगळवार रात्र

'द इनर लाइट'वर आज लिहायचंच, असं ठरवून बसलेय. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही अंतराळप्रवासाची मालिका पहिल्यापासून पुन्हा बघायला घेतली, प्रत्येक एपिसोडवर वहीत पानभर लिहायचं ठरवलं, तेव्हापासून या एपिसोडची वाट बघत होते. १७८ एपिसोड, १९८७ ते १९९४ अशी सात वर्षं चाललेली मालिका. हा पाचव्या सीझनमधला. १ जून १९९२ ला अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला आणि पुढच्या वर्षी त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

गोष्ट थोडक्यात अशी. एक छोटंसं अनोळखी यान एंटरप्राइझ या मालिकेतल्या अंतराळयानाच्या वाटेत येतं आणि त्यातून आलेल्या किरणाने एंटरप्राइझचा कॅप्टन पिकार्ड जागच्या जागी कोसळतो. डोळे उघडतो ते कटान ग्रहावरच्या रेसिक गावात. तिथे सगळे त्याला कामिन म्हणतात. एलीन नावाची बायको आहे. आधी तो सुटकेची वाट शोधतो, मग रुळतो. बासरी शिकतो, बाप होतो, बायकोला पोचवतो, नातवाला खेळवतो. इकडे एंटरप्राइझवर जेमतेम पंचवीस मिनिटं गेलेली असतात. कटानचा सूर्य फुटून हजार वर्षं झालीत. आपण होतो हे कुणाला तरी कळावं, म्हणून तिथल्या लोकांनी ते यान सोडलं होतं.

या एपिसोडबद्दल बोलणारा प्रत्येक जण बासरीबद्दल बोलतो. सूर सुंदरच आहेत, माझी काही तक्रार नाही. पण मी आटपाडीकडची. मला यात आधी दुष्काळ दिसतो, बासरी नंतर.

एक प्रसंग मी मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला. कामिन वर्षानुवर्षं मातीचे नमुने घेऊन नोंदी ठेवतोय. मुलगी मेरिबोर मोठी झालीय, ती त्याच नोंदी तपासतेय. जमिनीतले जिवाणू मेलेत, माती मेलीय, हे दोघांनाही कळलंय. मेरिबोर विचारते, हा नुसता लांबलेला दुष्काळ नाही ना? बाप म्हणतो, अजून पुरेशी माहिती जमलेली नाही. हे तो लेकीला सांभाळण्यासाठी बोलतो, आणि तिला ते समजतं. पिकार्डचं काम करणाऱ्या पॅट्रिक स्टुअर्टने इथे आवाज जरासुद्धा चढवलेला नाही.

आमचे अण्णा पावसाची नोंद कालनिर्णयवर ठेवायचे. पाऊस झाला की त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने एक रेघ, बरा झाला तर दोन. जून-जुलैची कोरी पानं उलटताना ते काही बोलत नसत. रानात गेले की ढेकूळ उचलून बोटांनी फोडायचे, आतला भाग नाकाजवळ न्यायचे आणि पुढे चालू लागायचे. बापाचा तो न बोलणारा चेहरा मला ओळखीचा आहे, आणि या एपिसोडने तो बरोबर पकडलाय.

दुसरी गोष्ट तिथल्या अधिकाऱ्याची. कामिन हवेतला ओलावा धरून पाणी काढायची योजना सुचवतो, तर तिला थंडा प्रतिसाद. पुढे तोच अधिकारी कबूल करतो, की ग्रह संपत चाललाय हे वरच्यांना आधीच माहीत आहे. घबराट नको म्हणून लोकांना सांगितलेलं नाही, आणि सगळ्यांना दुसरीकडे न्यायचं तंत्रज्ञान त्यांच्याकडे नाही. या प्रसंगाला फार कमी वेळ दिलाय, याचं मला खरंच वाईट वाटतं. एवढा मोठा निर्णय, आणि तो दोन-चार वाक्यांत उरकला.

आई शेजारीच बसून बघत होती. इंग्रजी तिला येत नाही, मी सांगत होते. मी म्हटलं, "बघ आई, ह्यांना माहीत असून लपवलं."

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर कुणी पेरलं असतं का?"

मला हे पटलेलं नाही. २०१२-१३ ला आमच्याकडे चारा छावण्या लागल्या, तेव्हा टँकर कधी येणार हे नक्की कळलं असतं तरी बायकांचा अर्धा दिवस वाचला असता. ऑगस्ट २०१९ मध्ये इथे सांगलीत कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं होतं आणि त्याच जिल्ह्यात जत-आटपाडीकडे टँकर सुरू होते. माणसाला खरं काय ते कळायलाच हवं. पण आईने असे उन्हाळे माझ्यापेक्षा जास्त काढलेत. त्यामुळे तिचं वाक्य वहीत तिच्या नावाने लिहिलं, खाली माझं.

आणखी एक उणीव आहे, आणि ती मोठी आहे. रेसिकमध्ये पाण्यासाठी राबताना कुणी दिसत नाही. डोक्यावर हंडा नाही, रांग नाही, भांडण नाही. गावाच्या मधोमध जपलेलं एक झाड आहे, त्याला पाणी घालणं हे जगण्याचं प्रतीक. लेखकांची कल्पना चांगलीय, पण ते पाणी आणतं कोण? एलीनच्या वाट्याला तर बहुतेक वेळ नवऱ्याची समजूत काढणंच आलंय. आणि अधिकाऱ्याच्या त्या प्रसंगाकडे परत जायचं तर, दोन्ही बाजू मांडण्यात याच मालिकेतला 'द मेझर ऑफ अ मॅन' हा एपिसोड मला जास्त कसलेला वाटतो. डेटा हा यंत्रमानव कुणाच्या मालकीचा की स्वतंत्र, यावरचा खटला. लिहिणारी मेलिंडा स्नॉडग्रास पूर्वी वकिली केलेली, त्यामुळे दोन्ही बाजू तुल्यबळ. एंटरप्राइझवरचा अधिकारी रायकर, त्याला स्वतःच्याच मित्राविरुद्ध, म्हणजे डेटाविरुद्ध, बाजू मांडावी लागते आणि तो ती मन लावून मांडतो. 'द इनर लाइट'मध्ये अधिकाऱ्याची बाजू मांडायला असं कुणी नाही.

तरीही पाचव्या सीझनमध्ये पहिला क्रमांक याचाच. 'डार्मॉक' दुसरा.

बुधवार

क्रम मोडून सहाव्या सीझनमधला 'लेसन्स' पाहिला, केवळ बासरीसाठी. पिकार्ड आपल्या यानावरच्या सहकारी नेला डॅरेनला कटानबद्दल सांगतो, तिच्यासोबत वाजवतो. जवळच्या माणसालाच सांगावं असं ते दुःख आहे, हे छान दाखवलंय. मातीचा मात्र उल्लेखसुद्धा नाही. 'द इनर लाइट'च्या शेवटी कटानच्या त्या यानातून पेटी निघाली, तिच्यात फक्त बासरी होती. कामिनने आणि मेरिबोरने इतकी वर्षं ठेवलेल्या नोंदींचं काय झालं, हे मालिकेत कुणीच विचारत नाही. मी लिहिणाऱ्यांच्या जागी असते तर पेटीत बासरीशेजारी ती वहीही ठेवली असती, आणि एखादा एपिसोड एंटरप्राइझवरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना ती वाचायला दिली असती.