बद्द आवाज

दापोलीच्या बाजारात माठ घ्यायचा तर आजी आधी तो वाजवून बघायची. बोट वाकवून पोटावर एक टिचकी, मानेपाशी एक, मग माठ कलता करून बुडाला एक. खणखणीत वाजला तर भावाची बोलणी सुरू. बद्द वाजला तर माठ परत गवतावर. कुंभारणीने कितीही शपथा घातल्या तरी आजीच्या तोंडून एकदा 'बद्द' निघालं की त्या माठाची सुनावणी संपली.

हे सगळं मला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीजवळच्या एका गावात, परक्या माणसाच्या ओल्या अंगणात, मोटारीखाली उताणी पडलेली असताना आठवलं. वय सत्तेचाळीस, अंगात नवऱ्याचा जुना रेनकोट, हातात स्क्रूड्रायव्हर. नवरा बाजूला छत्री धरून उभा होता. छत्री त्याच्या डोक्यावर होती.

हौस तशी जुनी. पुण्यात नोकरीला लागले त्या सुमाराला गोव्यात तयार होणारी सॅन स्टॉर्म नावाची गाडी निघाली होती. दोन सीटा, उघडा टप, फायबरची बॉडी. मी ती रस्त्यावर एकदाच पाहिली, कर्वे रोडच्या सिग्नलला. शेजारच्या सीटवर कोथिंबिरीची जुडी वर डोकावणारी भाजीची पिशवी होती. इतकी निरुपयोगी गाडी घेऊन माणूस भाजी आणायला जातो, ही चैन मनात घर करून बसली. फायबरला गंज धरत नाही, हा मुद्दा तेव्हा मला फारसा महत्त्वाचा वाटला नव्हता.

आता मुलगी शिकायला बाहेर पडली आणि मागच्या सीटची गरज संपली. तेव्हा मी ठरवलं, माझदा एमएक्स-५ घ्यायची. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांपुढे आली. त्याआधी अशा छोट्या उघड्या गाड्या म्हणजे इंग्रजांची आणि इटालियनांची मक्तेदारी. दिसायला देखण्या, पण ढग आले की रुसणाऱ्या आणि उभ्या राहतील तिथे तेल सांडणाऱ्या. जपान्यांनी तीच कल्पना उचलली आणि रोज सकाळी सुरू होणारी गाडी केली. वजन टनाच्या आसपास, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. २०१६ मध्ये तिची दहा लाखावी गाडी तयार झाली. ती करणारे लोक 'जिन्बा इत्ताई' म्हणतात, घोडा आणि स्वार एकजीव. आपल्याकडे याला एक नेमका शब्द आहे: मांड. पहिल्यांदा चालवून पाहिली तेव्हा पाचच मिनिटांत कळलं, मांड बसली. गिअरचा दांडा लाटण्याच्या मुठीएवढा, वळणावर गाडी कंबरेतून वळते असं वाटतं, आणि पन्नासच्या वेगात शंभरचा आनंद मिळतो. पोलिसांच्या दृष्टीनेही हे बरं.

पहिल्या पिढीची गाडी, ती हेडलाइट उघडमीट करणारी, संग्राहकांनी महाग करून ठेवलीय. मला परवडणारी होती दुसऱ्या पिढीतली, १९९८ ते २००५ मधली. हेडलाइट नेहमीचे, म्हणून कौतुक कमी आणि किंमतही कमी. किंमत कमी असण्याचं दुसरं कारण वाकून बघावं लागतं.

दारांच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पोकळ पत्र्याचा जो उंबरठा असतो त्याला सिल म्हणतात. या गाडीचा कापडी टप जिथे मागे बॉडीला मिळतो तिथे पावसाचं पाणी धरणारी एक पन्हळ आहे. तिथून दोन नळ्या सीटांच्या मागून खाली उतरतात आणि मागच्या चाकांच्या पुढ्यात पाणी सोडतात. व्यवस्था उत्तम. फक्त गाडी झाडाखाली लावायची नाही. पानांचा चुरा, परागकण, टपाच्या कापडाची धूळ असं सगळं त्या नळ्यांत जाऊन बसतं, पाणी तुंबतं आणि आपली वाट शोधत गालिच्यात आणि सिलमध्ये उतरतं. सिलला पाणी जायला खाली भोकं असतात, ती चाकांनी उडवलेल्या चिखलाने बुजलेली. मग ते पाणी आत राहतं. पत्रा बाहेरून रंगवलेला, चकचकीत, आणि आतून वर्षानुवर्षं भिजत पडलेला. बाहेर पहिला फोड दिसतो तेव्हा आतला कारभार आटोपलेला असतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो आणि फोड येतो. पुढच्या बाजूला इंजिनाखालचे चॅसिसचे दांडे आहेत. ते या पिढीत दुहेरी पत्र्याचे केले. मजबुतीसाठी केले, पण दोन पत्र्यांमध्ये ओल धरते आणि तीही आतूनच खाते. या गाडीला बाहेरून काही होतच नाही म्हणा ना.

त्यात इथला हिवाळा. रात्री बर्फ पडणार असं हवामानखात्याने सांगितलं की पिवळे दिवे लावलेले ट्रक रस्त्यावर मीठ फेकत जातात. आपल्या मिठागरातलं पांढरं नव्हे, तपकिरी, खडीसारखं. त्यातलं पुष्कळसं चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून येतं. १८४४ मध्ये कोळसा शोधायला गेलेल्यांना तिथे मीठ लागलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं ते मीठ. मला पहिल्या हिवाळ्यात त्याची गंमत वाटली होती. मी हर्णैच्या किनाऱ्यावरून आलेली. आमच्या खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी घासून रंगवावे लागत, कुलपं तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवत, आणि अण्णांच्या चेतकच्या पोटाला मृगाच्या आधी जळक्या ऑइलचा हात फिरे. अण्णा ब्रश घेऊन, आम्ही स्कूटर आडवी धरून, आणि आई ओट्यावरून "फरशीवर सांडलंत तर बघा" म्हणत. इतका समुद्र मागे टाकून इंग्लंडच्या बरोबर मधोमध येऊन राहिले, तर इथे एक आटलेला समुद्र जमिनीखालून काढून माझ्या दारात टाकतात.

बाकी एका बाबतीत इथल्या सरकारला हात जोडायला हवेत. तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी करावीच लागते. ती सुरू करणारं परिवहन मंत्रालय आता त्या नावाने उरलेलं नाही, पण १९६० पासून परीक्षेचं नाव तेच. आणि गाडीचा नंबर टाकला की तिचा सगळा केसपेपर फुकट वाचायला मिळतो: किती मैल चालली, कधी नापास झाली, डॉक्टर काय म्हणाले. मी रात्री अंथरुणात पडून अनोळखी गाड्यांचे केसपेपर वाचायला लागले. 'मागच्या सिलला किंचित गंज.' दोन वर्षांनी 'मागच्या सिलला गंज.' पुढल्या वर्षी 'खालून जाड लेप असल्याने तपासता आलं नाही.' एवढ्या तीन ओळींत अख्खी कादंबरी. सीटबेल्टच्या किंवा सस्पेन्शनच्या जोडापासून तीस सेंटिमीटरच्या आत पत्रा सडला असेल तर गाडी नापास, आणि मागच्या सिलची जागा नेमकी त्या तीस सेंटिमीटरांत येते.

पहिली गाडी पाहिली ती एका विक्रेत्याकडे, लाल, अशी चकाकणारी की तिच्यात माझे दात दिसत होते. तो माणूस सगळं नवऱ्याला सांगत होता. नवऱ्याला गाडीतलं एवढंच कळतं की ती चार चाकांची असते. तो गंभीरपणे मान हलवत होता. मी पर्समधून फ्रिजवरचा लोहचुंबक काढला, गणपतीपुळ्याचा, रुमालात गुंडाळून आणलेला. आपल्याकडे डेंटिंग-पेंटिंगवाले सडलेल्या पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारतात; लांबीला चुंबक चिकटत नाही. तसला प्रकार इथेही चालतो. मी तो बॉनेटवर ठेवला. गणपतीपुळे घसरून खाली पडलं. दुसरीकडे ठेवलं, पुन्हा खाली. मी नवऱ्याकडे विजयी मुद्रेने पाहून मराठीत म्हटलं, "अख्खं बॉनेट लांबीचं आहे!"

विक्रेत्याला मराठी येत नसलं तरी चेहरा वाचता येत होता. "मॅडम," तो अत्यंत मायेने म्हणाला, "या गाडीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं."

असतं. वजन वाचवायला कारखान्यातूनच तसं येतं. मी इतकं वाचलं होतं आणि नेमकं एवढंच वाचलं नव्हतं. पण त्या फजितीचा फायदा असा झाला की त्याने मला पुरती अडाणी ठरवलं आणि "खाली बघायचं तर बघा की" म्हणून गेला. खाली सगळं काळंभोर, नवंकोरं, डांबराचा वास अजून न गेलेला लेप. केसपेपरात आदल्याच वर्षी दोन्ही सिलना गंज लिहिलेला होता आणि वेल्डिंगची एकही पावती नव्हती. मी स्क्रूड्रायव्हर उलटा धरून मुठीने सिल वाजवली. पुढे टण, मध्ये टण, मागे बद्द. दुसऱ्या बाजूला, मागे बद्द.

"लेपामुळे येतो तसा आवाज," तो म्हणाला. कुंभारीणही काहीतरी म्हणायचीच.

मधल्या दोन गाड्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एकीच्या गालिच्यावर शेवाळ होतं.

चौथी म्हणजे हे ओलं अंगण. २००३ ची, निळी, रंग जागोजागी फिका पडलेला, मागच्या चाकावरच्या पत्र्याला फोड. मालक सत्तरीपलीकडचा. विकतोय का, तर गुडघे. "बसता येतं, उठता येत नाही. परवा सुपरमार्केटच्या बाहेर दोन मुलांनी ओढून काढलं." ही गाडी इतकी बुटकी की बसणं म्हणजे पाटावर बसणं. पाटावरून उठताना आमच्या आजोबांनाही खांब धरावा लागायचा.

मी खाली शिरायच्या आधी तोच म्हणाला, "डाव्या बाजूला मागे बघा. ती गेलीय." आणि घरातून एक फाइल आणली. वीस वर्षांच्या पावत्या, उजवी सिल कापून नवा पत्रा बसवल्याचे फोटो, पुढचे दांडे साफ करून आत मेण मारल्याची तारीख. डावी सिल करायचं राहून गेलं, कारण त्या वर्षी बायको आजारी होती. त्याने ते एका वाक्यात सांगितलं आणि पान उलटलं.

उजवीकडे टण, टण, टण. डावीकडे मागे मूठ नुसती टेकवली तर पत्रा आत गेला. बद्द सुद्धा वाजला नाही. वाजायला काही शिल्लकच नव्हतं. वरून माती आणि गंजाचे पापुद्रे माझ्या गळ्यात पडले, अगदी खारी बिस्किटासारखे. चव घेतली असती तर नक्की खारटच लागले असते.

आमची आजोळची तुळई अशीच एकदा गेली होती. आजोबा दरवर्षी गणपती झाले की कोयत्याच्या मुठीने घराचे सगळे वासे वाजवत फिरायचे, वाळवीसाठी. एके वर्षी दमा वाढला, फेरी राहिली, आणि शिमग्याला माजघराची तुळई दोन बोटं खाली आलेली दिसली. कुणी आजोबांना बोललं नाही. सुतार आला, तुळई बदलली.

"हिला भोक आहे," नवरा छत्रीखालून म्हणाला. "भोक पाडून घेतलेली गाडी तू हौसेने घेणार?"

पण भोकाचा हिशेब करता येतो, हे त्याला तिथे पावसात समजावत बसणं शक्य नव्हतं. वेल्डिंगचे किती ते मालकानेच सांगितलं, तेवढे किमतीतून वजा झाले, आणि मी १,९०० पौंडांना गाडी घेतली. लाल गाडीवाला ३,७०० मागत होता. वेल्डिंग करणाऱ्याने सिल कापली तेव्हा आतून ओंजळभर ओला चिखल आणि पानांचा काळा लगदा निघाला. "झाड कुठलं होतं तेही सांगतो पाहिजे तर," तो म्हणाला. त्याने नवा पत्रा जोडला, आत मेणाचा फवारा मारला आणि बजावलं की नळ्या वर्षातून दोनदा साफ करा, नाहीतर मी काही कुठे जात नाही, इथेच आहे.

मे महिन्यात आई आली. तिला टप उघडून फिरवून आणलं. डोक्याला स्कार्फ बांधून, पर्स मांडीवर धरून बसली होती, आणि गल्ल्याच्या आकड्यासारखी वेगाची सुई मोठ्याने वाचत होती. उतरताना म्हणाली, "अगो, गाडी छान आहे, पण पाहुणा एकच बोलवायचा असतो वाटतं हिच्यात."

दुसऱ्या दिवशी मी नळ्या साफ करायला बसले. लोक यासाठी गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी वापरतात. मी ती आणलीही होती, पण ती वळणावर अडकून दुमडायला लागली. आई दारात उभी राहून बघत होती. ती आत गेली आणि खराट्यातला एक हीर उपसून घेऊन आली. हा खराटा तिनेच चार वर्षांपूर्वी बॅगेतून आणलेला, विमानतळावर त्याचं काय सांगितलं होतं तिलाच ठाऊक. हीर नळीत घातला. लवतो, पण मोडत नाही. दोन वेळा खालीवर केला आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं.

काही झालं नाही. मग मागच्या चाकाच्या पुढ्यात गुळगुळ असा आवाज आला, आधी काळं, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी फरशीवर पसरलं.

"आता दुसरीकडची," आई म्हणाली, आणि तांब्या भरायला आत गेली.