ग्राफीनओएसवर बँकेचं ॲप: माझा अनुभव

ग्राफीनओएस म्हणजे अँड्रॉइडवरच बेतलेली, पण गुगलच्या सेवा आधीपासून नसलेली फोनची सिस्टम. तिच्यावर बँकेचं ॲप अडलं की पहिला संशय गुगल नसल्यावर जातो. यूपीआयसाठी मात्र मी आधी सिम बघतो. नोंदणी करताना ॲप बँकेत दिलेल्या नंबरवरून आपणहून एक सांकेतिक एसएमएस पाठवतं. तो गेला नाही तर पुढचं सगळं थांबतं. बऱ्याच स्वस्त रिचार्जमध्ये एसएमएस नसतात. त्यात निपाणी-कोगनोळीकडं सिम कर्नाटकचं नि टॉवर महाराष्ट्राचा असं होतं. मेसेज रोमिंगवर जातो आणि शिल्लक नसेल तर तिथंच अडकतो. म्हणून नोंदणी आपल्या सर्कलमध्ये (सिम ज्या भागाचं, त्या भागात), मोबाईल डेटावर, दुसरं सिम काढून करावी.

फोन पिक्सेलच लागतो. सिस्टम बदलायची तर आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्राम, उघडावा लागतो. तो उघडताना सगळा डेटा पुसला जातो, तेव्हा बॅकअप आधी. सिस्टम बसली की बूटलोडर पुन्हा लॉक करायचाच. सुरू होताना दुसरी सिस्टम असल्याची पिवळी सूचना दिसते, ती दिसायचीच. नारिंगी दिसली तर लॉक राहून गेलंय. लॉक झालं की सेटिंग्जमधलं ओईएम अनलॉकिंग (बूटलोडर उघडू देणारं बटण) आणि डेव्हलपर ऑप्शन्स बंद करा. ते चालू दिसले तरी काही बँकांची ॲप उघडत नाहीत.

बँकेसाठी मी वेगळं युजर प्रोफाइल ठेवतो आणि ग्राफीनच्या ॲप स्टोअरमधून गुगल प्ले फक्त तिथंच टाकतो. इथं प्लेला साध्या ॲपइतकेच अधिकार असतात. फोनबुक मागितलं तरी नकार देता येतो. एक गोष्ट हमखास राहते: मुख्य प्रोफाइलच्या सेटिंग्ज, सिस्टम, युजर्समध्ये जाऊन नव्या प्रोफाइलला कॉल-एसएमएस चालू करून द्यावे लागतात. नाहीतर नोंदणीचा मेसेज निघतच नाही.

ॲप उघडताच बंद पडत असेल तर ॲप इन्फोमध्ये एक्सप्लॉइट प्रोटेक्शन कंपॅटिबिलिटी मोड चालू करून बघा, त्यानं त्या ॲपपुरतं ग्राफीनचं जादा संरक्षण सैल होतं. ‘हा फोन सुरक्षित नाही’ असा संदेश आला तर बहुधा प्ले इंटिग्रिटीची, म्हणजे फोन भरवशाचा आहे का हे ॲपला सांगणारी गुगलची तपासणी आडवी आलेली असते. तिच्या बेसिक, डिव्हाइस, स्ट्राँग अशा तीन पायऱ्या आहेत. गुगलचं प्रमाणपत्र नसल्यामुळं ग्राफीन पहिलीच पार करतं. वर्षानुवर्षं अपडेट न मिळालेला फोन दुसरी पार करतो आणि ताजे पॅच असलेला लॉक्ड फोन अडतो, हे मला सरळ अन्यायाचं वाटतं. पण रूट करून (सिस्टमचे सगळे अधिकार उघडून) चकवायला जाऊ नका, त्यानं फोनची खरी सुरक्षाच मोडते. अशा बँकेचं काम ब्राउझरमधल्या नेटबँकिंगवर करावं. इंटरनेट नसलेल्या खानापूरच्या रानात *99# डायल करून होणारं यूपीआय उपयोगी पडतं, एका वेळी 5,000 रुपयांपर्यंत. आपल्या सिमवर ते चालतं का, हे आधीच बघून ठेवा. बँकेलाही लिहा: अँड्रॉइडच्या हार्डवेअर अटेस्टेशनमधून, म्हणजे फोनच्या चिपनं दिलेल्या पुराव्यातून, ग्राफीनची डिजिटल किल्ली (की) तपासता येते.

नव्या फोनवर यूपीआय पहिले 24 तास 5,000 रुपयांपुरतंच चालतं. ऊसतोडीचे पैसे द्यायच्या आदल्या दिवशी फोन बदलू नये.