स्नोमोबाइलच्या ट्रेलवर धोक्याच्या पाट्या किती असाव्यात?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरून धावणारे इंजिनाचे वाहन, चालवणाऱ्यांचा एक लहान क्लब आहे. त्याच्या स्वयंसेवकांबरोबर मी दर हिवाळ्यापूर्वी ट्रेलवर, म्हणजे या वाहनांसाठी आखलेल्या वाटेवर, पाट्या लावण्याच्या कामाला जाते. या कामात एक प्रश्न दर वर्षी निघतो आणि त्यावर दर वर्षी वाद होतो. धोक्याची सूचना देणाऱ्या पाट्या कमी केल्या, तर ट्रेल अधिक सुरक्षित होईल का? माझे उत्तर ‘होईल’ असेच आहे. मात्र त्याला एक अट आहे, आणि ती पाळली नाही तर पाट्या कमी करणे हे त्यांची गर्दी करण्यापेक्षाही घातक ठरेल, असे मला वाटते.

पाट्या वाढतात कशा, ते आधी सांगायला हवे. मिनेसोटात ग्रूमर, म्हणजे बर्फ दाबून सपाट करणारे यंत्र, फिरवून राखलेल्या ट्रेलची एकूण लांबी 22,000 मैलांहून अधिक आहे आणि त्यांतील बहुतांश ट्रेल राज्याच्या अनुदानावर स्थानिक क्लब सांभाळतात. त्यांचा पुष्कळसा भाग शेतकऱ्यांच्या आणि इतर खासगी मालकांच्या जमिनीवरून, त्यांच्या परवानगीने जातो. एखाद्या वळणावर कोणी ट्रेल सोडून झाडीत शिरला, की लवकरच तेथे एक पिवळी पाटी उभी राहते. ती लावणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु अपघातानंतर पाटी लावण्याची जशी रीत पडली आहे, तशी वर्षानुवर्षे काही घडले नाही म्हणून पाटी काढण्याची रीत कोठेच नाही, कारण आपण काढली आणि नेमके त्याच हिवाळ्यात काही झाले तर काय, ही भीती प्रत्येकाच्या मनात असते.

आमच्या ट्रेलवर दलदलीला वळसा घालून जाणारे एक वळण आहे. झाडी विरळ असल्याने दिवसा ते लांबूनच दिसते. तेथे पूर्वी एकच बाण होता. मग वळणाच्या बाहेरच्या कडेने आणखी बाण आले, त्यांच्या आधी ‘सावकाश’ अशी पाटी आली आणि अखेरीस ‘धोका’ अशीही आली. रात्री हेडलाइटचा झोत पडला की या सगळ्या पाट्यांचे परावर्तक पृष्ठभाग एकदम चमकतात आणि ट्रेल नेमका कोठे वळतो, हेच क्षणभर कळेनासे होते. त्याच वळणाच्या थोडे पुढे ट्रेल एक डांबरी रस्ता ओलांडतो. ‘पुढे थांबा आहे’ असे सांगणारी तेथील पाटीही पिवळीच आहे, आणि ज्याने नुकत्याच इतक्या पिवळ्या पाट्या मागे टाकल्या आणि एकीपाशीही काही विशेष घडलेले पाहिले नाही, त्याला ही पाटी वेगळी वाटण्याचे कारणच उरत नाही. वास्तविक त्या सर्व पाट्यांमध्ये जिवावर बेतणारी जागा हीच आहे, कारण रस्त्यावरून लाकडाचे ट्रक जातात.

हा निष्कर्ष काही आमच्या क्लबाचा शोध नव्हे. अमेरिकेतील रस्त्यांवरच्या फलकांसाठी जी संघराज्याची नियमपुस्तिका आहे, त्या एमयूटीसीडीच्या 2009 च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटले आहे की, धोक्याचे फलक कमीत कमी ठेवावेत, कारण अनावश्यक फलकांमुळे सर्वच फलकांविषयी अनादर निर्माण होतो. मोटारींच्या रस्त्यांचा अनुभव असा असेल, तर ट्रेलवर तो अधिकच लागू पडावा. ताशी 50 मैल ही मिनेसोटातील स्नोमोबाइलची कायदेशीर वेगमर्यादा आहे. त्या वेगाला यंत्र एका सेकंदात सुमारे 73 फूट अंतर कापते. हेडलाइटचा उपयोगी प्रकाश साधारण 200 फुटांपर्यंत पोहोचतो असे धरले, तर पाटी दिसल्यापासून ती मागे पडेपर्यंत तीन सेकंदसुद्धा मिळत नाहीत. त्यातला दीड सेकंद धोका ओळखून ब्रेककडे हात जाण्यात संपतो, म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच 110 फूट गेलेले असतात. उरलेल्या अंतरात दाबलेल्या बर्फावर यंत्र थांबत नाही. इतक्या अवधीत माणूस एक गोष्ट वाचू शकतो. चार गोष्टी त्याच्यापुढे ठेवणे म्हणजे त्यांपैकी कोणती वाचायची, हे नशिबावर सोडणे होय.

पाट्या कमी करण्याच्या बाजूने बोलणारे बहुतेक वेळा हॉलंडमधील वाहतूक अभियंता हान्स मॉन्डरमन यांचा दाखला देतात. 2008 मध्ये निवर्तलेल्या मॉन्डरमन यांनी फ्रीसलँड प्रांतातील गावांतून फलक, सिग्नल आणि रस्त्यावरच्या रेघा काढून टाकल्या. ड्राख्टन शहरातील लाव्हाइप्लाइन हा चौक त्यांच्या कामाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. त्यांचे म्हणणे असे की, सूचना काढून घेतल्या की माणूस समोरच्या माणसाकडे पाहू लागतो आणि आपसूक वेग कमी करतो. मॉन्डरमन यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, तरीही त्यांचा दाखला ट्रेलच्या बाबतीत देऊ नये, असे मला वाटते. त्यांचा चौक चालतो, कारण तेथे सर्वांचा वेग आधीच कमी असतो, सायकलस्वार आणि पादचारी सतत डोळ्यांसमोर असतात आणि एकमेकांच्या नजरेला नजर मिळते. ट्रेलवर यांपैकी एकही गोष्ट नसते. समोरून येणाऱ्याचे तोंड हेल्मेटात असते, त्याच्या काचेवर वाफ धरलेली असते, आणि उंचवट्यापलीकडून तो येतो आहे हे तो पुढ्यात येईपर्यंत कळत नाही. गटाने फिरणारे स्वार ‘माझ्यामागे आणखी आहेत’ किंवा ‘मी शेवटचा’ अशी हाताची खूण करतात ती याचसाठी. ही पद्धत उत्तम आहे, पण खूण दिसायला आधी स्वार दिसावा लागतो.

स्वीडनचे उदाहरण मला येथे अधिक बोलके वाटते, जरी ते पाट्यांविषयीचे नाही. 3 सप्टेंबर 1967 रोजी त्या देशाने डावीकडून वाहने चालवण्याची पद्धत सोडून उजवीकडून चालवण्याची स्वीकारली. गोंधळ माजेल अशी अनेकांची अपेक्षा होती, परंतु प्रारंभी अपघात उलट घटले, कारण सगळे जपून चालवत होते; आणि नवेपणा ओसरला तसे ते प्रमाण पुन्हा पूर्वीच्या पातळीकडे गेले. अनोळखीपणातून येणारी सावधगिरी टिकाऊ नसते. पाट्या काढल्यावर पहिल्या हंगामात स्वार सावध होतील हे मी मान्य करते, पण त्याच ट्रेलवर दर आठवड्याला येणाऱ्या स्थानिकाला तो लवकरच पाठ होतो आणि मग पाटी असो वा नसो, तो आपल्या नेहमीच्याच वेगाने जातो. मग पाटी कोणासाठी असते? जो येथे पहिल्यांदा आला आहे, अंधार पडल्यावर मुक्कामाचे ठिकाण गाठू पाहतो आहे आणि पुढच्या यंत्राने उडवलेल्या बर्फाच्या धुरळ्यातून वाट शोधतो आहे, त्याच्यासाठी. पाटी राहावी की जावी, याचा निर्णय मात्र आम्ही, म्हणजे ज्यांना तिची सर्वांत कमी गरज आहे ते लोक, भर दिवसा आणि बर्फ पडण्यापूर्वी घेत असतो.

माझी अट याच स्वारावरून आलेली आहे. पाटी नसणे हीसुद्धा त्याच्या दृष्टीने एक सूचना असते. सलग दहा मैलांवर प्रत्येक तीव्र वळणाआधी बाण दिसला, तर अकराव्या मैलावर बाण नाही याचा अर्थ ‘पुढे वाट सरळ आहे’ असा तो घेणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. आपणच त्याला तशी सवय लावली. एका क्लबाने आपल्या हद्दीतील निम्म्या पाट्या काढल्या आणि शेजारच्या क्लबाने सगळ्या ठेवल्या, तर हद्द कोठे बदलली हे स्वाराला कळत नाही आणि तो जुन्या सवयीने नव्या भागात शिरतो. म्हणून पाट्या कमी करायच्या असतील, तर आधी नियम ठरला पाहिजे, तो लगतच्या क्लबांनीही स्वीकारला पाहिजे आणि मग तो ट्रेलच्या प्रत्येक फुटाला सारखाच लागू झाला पाहिजे. सवडीप्रमाणे, येथून एक आणि तेथून दोन, अशा पाट्या काढणे मला सर्वांत धोक्याचे वाटते.

नियम कोणता असावा, याविषयी माझे मत सरळ आहे. जे स्वाराला स्वतःच्या डोळ्यांनी वेळेवर दिसते, त्याची पाटी नको. जे दिसत नाही किंवा दिसेपर्यंत उशीर होतो, त्याची पाटी हवीच, आणि ती एकटी, स्वच्छ, झुडपांनी न झाकलेली असावी. झाडीतून अचानक समोर येणारा रस्ता, ट्रेलपेक्षा अरुंद पूल, शेताच्या कडेचे तारेचे कुंपण, उंचवट्यामागे लपलेले वळण ही दुसऱ्या प्रकारातली ठिकाणे आहेत. नारिंगी खुणांना तर या चर्चेत ओढूच नये. त्या धोका सांगत नाहीत, ‘तू वाटेवरच आहेस’ एवढेच सांगतात. ढगाळ दिवशी बर्फावर सावल्या उमटत नाहीत, उघड्या शेतात चढ आणि खड्डा एकसारखाच पांढरा दिसतो, आणि तेव्हा काठीवरची ती छोटी नारिंगी खूणच माणसाला नाल्यात जाण्यापासून वाचवते.

तलावावरच्या बर्फाचा प्रश्न मात्र पाट्यांनी सुटणारा नाही. स्नोमोबाइलसाठी निदान 5 ते 7 इंच जाडीचा नवा, पारदर्शक बर्फ असावा असे राज्याचे नैसर्गिक संसाधन खाते सांगते, आणि त्याचबरोबर कोणताही बर्फ पूर्णपणे सुरक्षित नसतो असेही बजावते. जेथे ओढा तलावाला मिळतो तेथे प्रवाहामुळे बर्फ पातळ राहतो, आणि ही जाडी आठवड्याच्या आतही बदलते. अशा जागी कायमची पाटी लावली, तर तिच्या पलीकडचा बर्फ भक्कम आहे असा समज होण्याचा धोका राहतो.

वेग आणि दारू ही गंभीर अपघातांमागची नेहमीची कारणे आहेत आणि त्यांवर पाट्यांचा परिणाम फारसा होत नाही, हे मला माहीत आहे. पण त्यामुळे पाट्यांचा विचार गौण ठरत नाही. नव्या यंत्रांचे सस्पेन्शन इतके चांगले आहे आणि इंजिने इतकी सुरळीत चालतात, की दारूचा थेंबही न घेतलेल्या स्वारालाही आपला वेग जाणवत नाही, आणि त्याला योग्य जागी भानावर आणणारी एक पाटी पुष्कळ काम करू शकते.

पाट्या काढण्याला होणारा सर्वांत ठाम विरोध अपघातानंतर कोर्टात दावा होण्याच्या भीतीतून येतो. जमीनमालकालाही वाटते की, त्याच्या शेतात जितक्या पाट्या तितका तो निर्धास्त. ही काळजी मी हलकी मानत नाही, कारण मालकाने परवानगी काढून घेतली तर ट्रेलच बंद होतो. अशा मालकाला बरोबर घेऊन जाणे आणि कोणती पाटी का काढतो आहोत हे त्याला जागेवर दाखवणे, याला बैठकीतील कोणताही युक्तिवाद पुरा पडत नाही.

या वर्षी मी क्लबापुढे एक मागणी ठेवली आहे. कोणतीही पाटी काढण्यापूर्वी बर्फ पडल्यावर, रात्री, हा ट्रेल कधीही न पाहिलेल्या एखाद्या अनुभवी स्वाराला दोन्ही दिशांनी सावकाश न्यावे, आणि कोणती पाटी पाहून आपण वेग कमी केला व कोठे पाटी हवी होती, हे त्याला विचारावे. दोन्ही दिशांचा आग्रह मी मुद्दाम धरते, कारण दलदलीचे जे वळण उत्तरेकडून येताना लांबून दिसते, तेच दक्षिणेकडून येताना एका टेकाडाआड आहे. तेथील बाकीच्या पाट्या गेल्या तरी चालतील, पण दक्षिणेकडून येणाऱ्यासाठी टेकाडाच्या अलीकडे एक बाण हवा, आणि सध्या नेमका तेथेच तो नाही.