शपथविधीच्या दिवशी नॅशनल मॉलवर : माझा अनुभव

ओबामांच्या पहिल्या शपथविधीला, २० जानेवारी २००९ ला, आम्ही दोघं वॉशिंग्टनला गेलो होतो. तेव्हा मेरीलँडमध्ये राहत होतो. मतदानाचा हक्क नव्हता, पण जायचंच हे निकालाच्या रात्रीच ठरलं होतं.

शपथविधी होतो त्या कॅपिटॉलसमोरच्या, म्हणजे संसदभवनासमोरच्या जागेसाठी तिकीट लागतं. ते फुकट असतं, पण काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या सदस्यांच्या कार्यालयांतून मिळवावं लागतं. त्या वर्षी सुमारे २ लाख ४० हजार तिकिटं होती. आम्ही नाव नोंदवलं, नंबर काही लागला नाही. मागच्या नॅशनल मॉलवर, म्हणजे तिथल्या लांबलचक मोकळ्या मैदानावर मात्र तिकिटाशिवाय उभं राहता येत होतं.

खरा विचार करावा लागला तो रस्त्याचा. शपथेनंतरची मिरवणूक पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवरून जाते, त्यामुळे उत्तरेकडून आलेल्यांना मोठा वळसा पडतो. म्हणून आम्ही दक्षिणेकडून शिरलो. मेट्रो पहाटे चारलाच सुरू झाली होती. ग्रीनबेल्टहून निघून लाँफाँ प्लाझाला उतरलो आणि अंधारातच गर्दीबरोबर मॉलवर पोहोचलो.

मग तासन्‌तास उभं राहणं. दुपारीसुद्धा पारा शून्याखाली होता. टोपी, हातमोजे, कपड्यांचे थर सगळं होतं, पण थंडी जमिनीतून चढते हे लक्षात आलं नव्हतं. शेजारी अलाबामाहून बसनं आलेल्या एक वयस्क कृष्णवर्णीय आजी होत्या. त्यांनी पायाखाली पुठ्ठा घेतला होता. त्यातलाच एक तुकडा फाडून आम्हाला दिला. त्यांच्या तरुणपणी त्यांच्या आईला मत देता येत नव्हतं. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर ती पहिल्यांदा मतदानाला गेली तेव्हा आपण सोबत होतो, हे त्या अगदी सहज सांगत होत्या. माझ्यासाठी त्या दिवसाचं मोल तिथेच ठरलं.

फोन लागत नव्हते. गर्दीत जाणार असाल तर चुकामूक झाल्यास कुठे भेटायचं ते आधीच ठरवून ठेवा.

सोहळा मोठ्या पडद्यांवर दिसत होता. उपाध्यक्ष म्हणून बायडन यांची शपथ बाराच्या जरा आधी झाली. मग चेलोवादक यो-यो मा, व्हायोलिनवादक इत्झाक पर्लमन आणि दोन साथीदारांचं वादन सुरू झालं आणि त्यातच बारा वाजले. विसाव्या घटनादुरुस्तीनुसार जुन्या अध्यक्षांची मुदत २० जानेवारीला दुपारी बाराला संपते. म्हणजे ओबामांनी हात वर करण्याआधी, संगीत चालू असतानाच, सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात गेली होती. मला हे फार थोर वाटतं. कुणाची मर्जी नाही, कुणाची परवानगी नाही. घड्याळ आणि राज्यघटना, बस्स.

त्यानंतर लिंकनच्या बायबलवर हात ठेवून शपथ झाली. पस्तीस शब्दांची ती शपथ सांगताना सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्याकडून एका शब्दाची जागा चुकली, ओबामाही क्षणभर थांबले. आमच्याभोवती कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आरोळ्यांत पुढचं ऐकूच आलं नाही. आजी मात्र टाळ्या न वाजवता आईचं नाव घेत होत्या.

परतताना स्टेशनबाहेर प्रचंड रांग होती. अंधार पडल्यावर घरी पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये रॉबर्ट्स यांनी तीच शपथ पुन्हा दिली. कायद्यानं ओबामा आदल्या दुपारीच अध्यक्ष झाले होते, तरी कुणाला शंकेला जागा नको म्हणून. या वेळी बायबल नव्हतं आणि शब्द सगळे जागच्या जागी होते.