टेकाड 14 मीटरचं, पण शून्य कुठलं?

चक्रीवादळ आलं तर किनाऱ्यावरच्या वस्तीनं कुठे जमायचं, ती जागा पक्की करण्यासाठी मला मोजणीला बोलावलं होतं. जागा खरं तर आधीच ठरली होती. वस्तीच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी एक टेकाड आहे. समितीच्या कागदावर त्याच्यापुढे 'उंची 14 मीटर' असं लिहिलेलं. मी लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावायची, आकडा तपासायचा आणि सही करायची, एवढंच काम.

कागद बघून मी नेहमीचा प्रश्न विचारला : 14 मीटर कुठून?

"समुद्रसपाटीपासून, आणखी कुठून?" समितीतले एक काका वैतागलेच. या प्रश्नावर लोक वैतागतातच. समुद्र समोर दिसतोय, त्यात विचारायचं काय?

पण समोरचा समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. नकाशावरची समुद्रसपाटी ही सरासरी असते, भरतीमापकाच्या तासातासाच्या नोंदींवरून काढलेली. त्या नोंदी सुमारे 19 वर्षांच्या लागतात, कारण चंद्राच्या कक्षेचं एक चक्र 18.6 वर्षांचं असतं आणि त्याबरोबर भरतीचा आवाकाही कमी-जास्त होतो. त्या सरासरी पातळीला पाणी रोज शिवून जातं, तिथे थांबत मात्र नाही.

तेवढ्यात एक तरुण फोन घेऊन आला. पाण्याला लागून उभा होता आणि फोनवर उंची उणे 60च्या घरात. "साहेब, आपण बुडालोच की!" त्याचं ॲप उपग्रहाकडून मिळालेली कच्ची उंची दाखवत होतं. ती मोजली जाते पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत आकारापासून. खरा समुद्र त्या आकाराला धरून राहत नाही. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही, त्यामुळे श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्राची पातळी त्या आकाराच्या 100 मीटरहून अधिक खाली आहे, तर न्यू गिनीच्या बाजूला 80 मीटरच्या आसपास वर. फोन बिघडलेला नव्हता, त्याचं शून्यच वेगळं होतं.

आम्ही जवळच्या पक्क्या बेंचमार्कपासून, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची आधीच ठरलेल्या खुणेपासून, लेव्हल चालवत टेकाडावर गेलो. माथा भरला 11.4 मीटर. मग कागदावरचे 14 आले कुठून? शोधता शोधता एका जुन्या धक्क्याचा नकाशा निघाला. जहाजांच्या नकाशात शून्य धरतात ते खोल ओहोटीच्या पातळीला, म्हणजे छापलेल्या खोलीइतकं पाणी नावाड्याला जवळपास नेहमीच मिळतं. धक्क्याच्या नकाशात टेकाडाची उंचीही त्याच शून्यापासून घातलेली होती. इथे दोन शून्यांमध्ये 2.6 मीटरचा फरक. नावाड्याच्या दृष्टीने ती सावधगिरी, पण तोच आकडा आसऱ्याच्या कागदावर आला की जमीन उगाच उंच दिसते.

शिवाय वादळाची लाट सरासरी समुद्रावर येत नाही, त्या वेळी जी भरती असेल तिच्यावर येते. हवेचा दाब एक मिलीबार उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो. पण त्याहून कितीतरी जास्त पाणी वारा ढकलून आणतो, आणि किनारा उथळ असेल तर ते वर चढण्यावाचून दुसरीकडे जाऊ शकत नाही. उधाणाची भरती इथे सरासरीच्या 2.2 मीटर वर येते. म्हणजे ऐन उधाणात टेकाड पाण्यापासून 9.2 मीटर. 14 ऐकून आलेल्या माणसाला हे पचायला जड जातं, तरीही जागा चालण्यासारखी होती. इथवर मी सही करायला तयार होतो.

घोटाळा निघाला परतीच्या वाटेवर. सोबतचा मुलगा स्टाफ, म्हणजे आकडे घातलेली उभी पट्टी, धरून वस्तीकडे चालला होता, मी दुर्बिणीतून वाचत होतो. स्टाफवरचा आकडा वाढला की जमीन उतरलेली असते, पहिल्यांदा बघणाऱ्याला हे उलटं वाटतं. आकडा वाढतच गेला. दोनदा मशीन हलवावं लागलं. रस्त्याखालून पाणी जायची मोरी आहे, तिथे रस्त्याची पातळी आली 2.1 मीटर. मी वहीत लिहिलं आणि पुन्हा वाचन घेतलं. तेच.

2.1 मीटरचा रस्ता आणि 2.2 मीटरची उधाणाची भरती. वादळ नसतानाही हा रस्ता ओला व्हायला हवा. मुलाला विचारलं, तर तो सहज म्हणाला, "अमावास्या-पौर्णिमेला येतं ना पाणी, गाड्या थांबतात तासभर." हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त टेकाडाच्या कागदाशी त्याचा संबंध कुणी लावला नव्हता. वादळात पाणी खाडीतून मागच्या बाजूने चढणार, म्हणजे लाट यायच्या कितीतरी आधी ही वाट बंद आणि टेकाडाचं बेट. तिथवर पोचायचं तर आधी खाली उतरायचं, तेही पाण्याच्याच दिशेने!

मग वस्तीच्या मागच्या उताराकडे वळलो. तिथला सपाट माळ भरला 10.6 मीटर. टेकाडापेक्षा कमी, पण शेवटच्या घरापासून माळापर्यंत वाट एकदाही उतरत नाही. ते मी दर 20 मीटरवर वाचन घेऊन पाहिलं. वाट जुनी, अरुंद, करवंदीच्या जाळ्यांनी भरलेली. ती रुंद करावी लागणार होती.

बैठकीत काका म्हणाले, "कमी उंचीची जागा तुम्ही उंच म्हणून देताय?" मी मोरीचा आकडा पुढे ठेवला. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "त्या मोरीत माझी सायकल दोनदा बंद पडलीय." त्यांचा विरोध तिथेच संपला.

मग अडलं ते तक्त्यावर. छापील नमुन्यात 'उंची' असा एकच रकाना होता. मी तीन मागितले : सरासरी समुद्रापासून, उधाणाच्या भरतीपासून, आणि वाटेतल्या सर्वात सखल जागेची पातळी. कारकुनानं नमुना बदलता येत नाही म्हणून बराच वाद घातला, शेवटी कागद आडवा केला आणि पट्टी घेऊन रेघा मारल्या.