डिशमध्ये धडधडतंय, पण भिंत कशी भरायची?

सूक्ष्मदर्शकाखाली ठोके देणाऱ्या हृदयपेशींचा व्हिडिओ कुणालाही भुरळ घालतो. पण हृदयाची दुरुस्ती करू पाहणाऱ्यांच्या कामातला हा सोपा भाग. खरी अडचण सुरू होते ती त्या पेशींपासून जाड, जोर लावणारा आणि बाकीच्या हृदयाच्या तालात चालणारा स्नायू बनवताना.

डाव्या जवनिकेत (रक्त शरीरभर ढकलणाऱ्या कप्प्यात) स्नायूपेशी असतात २ ते ४ अब्ज. मोठ्या हार्ट अटॅकमध्ये त्यातल्या १ अब्जापर्यंत मरतात आणि त्यांच्या जागी कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा व्रण येतो. हृदयाला स्वतःहून ही भर घालता येत नाही. अणुचाचण्यांमुळे वातावरणात आलेल्या कार्बन-१४ वरून पेशींचं वय मोजून २००९ साली स्टॉकहोममध्ये हिशोब निघाला : पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

म्हणून पेशी बाहेर बनवायच्या. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाकांनी २००७ साली माणसाच्या त्वचेच्या पेशी मूळपेशींच्या (ज्यांपासून कुठलीही पेशी बनू शकते अशा) अवस्थेत परत नेल्या, तिथून वाट मोकळी झाली. आज सर्रास वापरली जाणारी कृती अशी. मूळपेशींनी डिशचा तळ जवळपास भरला, की पहिल्या दिवशी (याला ‘शून्यावा दिवस’ म्हणतात, पुढची मोजणी इथून) सीएचआयआर-९९०२१ हे रसायन ६ ते १२ मायक्रोमोलर, २४ तास. तिसऱ्या दिवशी आयडब्ल्यूपी-२ हे दुसरं रसायन, ५ मायक्रोमोलर, दोन दिवस. माध्यम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, आरपीएमआय आणि सोबत इन्सुलिन नसलेलं बी-२७ हे पूरक मिश्रण; इन्सुलिन सातव्या दिवसानंतरच, कारण आधी दिलं तर ते हृदयपेशी बनण्याच्या आड येतं. आठव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान ठोके दिसू लागतात.

घोळ होतो तो बहुधा शून्याव्या दिवशी. तळ विरळ असेल तर सीएचआयआरने पेशी मरतात. फार दाट असेल तर तोच डोस कमी पडतो आणि बऱ्याच पेशी मूळपेशीच राहतात. प्रत्येक पेशीवंशाचा (एकाच मूळ नमुन्यातून वाढवलेल्या पेशींचा) डोस वेगळा. दुसऱ्या प्रयोगशाळेचा आकडा उचलून वापरू नये, निदान चार डोस समोरासमोर लावून पाहावेत. नको असलेल्या पेशी काढायला ग्लुकोज बंद करून काही दिवस ४ मिलिमोलर लॅक्टेट देतात. हृदयपेशी लॅक्टेटवर तग धरतात, बाकीच्या बहुतेक उपाशी मरतात.

आता पट्टी, म्हणजे या पेशींपासून बनवलेला स्नायूचा तुकडा. १०० मायक्रोलिटर मिश्रणात १० लाख पेशी, रक्त गोठवणारं प्रथिन फायब्रिनोजेन ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आणि अगदी शेवटी त्याचं फायब्रिनच्या जाळीत रूपांतर करणारं थ्रॉम्बिन ३ युनिट प्रति मिलिलिटर. थ्रॉम्बिन पडलं की हात थांबवायचा नाही. पिपेटमध्येच गुठळी झाली तर ती पट्टी गेली. बुडबुडा राहिला तर पुढे नेमकी तिथेच तुटते. मिश्रण अ‍ॅगरोजच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) साच्यात, सिलिकॉनच्या दोन लवचिक खांबांभोवती गोठवायचं. माध्यमात फायब्रिन टिकवून ठेवणारं अ‍ॅप्रोटिनिन (३३ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर) विसरलात तर पेशी फायब्रिन विरघळवतात आणि पट्टी खांबावरून सुटते. शुद्धतेचाही अट्टहास नको : जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या गटाच्या पद्धतीत, जिथे फायब्रिनऐवजी कोलॅजेन वापरतात, ७० टक्के हृदयपेशी आणि ३० टक्के फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतकाच्या पेशी) मुद्दाम घेतात. पट्टी आवळून घट्ट करण्याचं काम फायब्रोब्लास्ट करतात.

ठोका पडला की खांब वाकतो, त्या वाकण्यावरून बल काढतात. इथे एक सापळा आहे. गोल खांबाचा ताठपणा त्रिज्येच्या चौथ्या घातावर आणि लांबीच्या उलट्या घनावर ठरतो. त्रिज्या मोजण्यात १० टक्के चूक म्हणजे बलात सुमारे ४६ टक्के. पट्टी खांबावर वर-खाली सरकली तरी आकडा बदलतो. बलाचे आकडे वाचताना आधी खांब कसे मोजले ते पाहावं, आलेख नंतर.

जाडीचं गणित आणखी कडक आहे. रक्तवाहिन्या नसतील तर ऑक्सिजन १०० ते २०० मायक्रॉनपर्यंतच, म्हणजे ०.१ ते ०.२ मिलिमीटरच, झिरपतो. डाव्या जवनिकेची भिंत सेंटिमीटरभर. पट्टी जाड केली की आतला गाभा मरतो, बाहेरून मात्र ती छान धडधडत राहते! मधोमध काप घेऊन पाहिल्याशिवाय हे कळत नाही. एका जपानी गटाने यावर पेशींच्या पातळ थरांची युक्ती काढली. डिशच्या तळाला असा पॉलिमर लावायचा, जो ३२ अंशांखाली पाणी शोषून पेशींची पकड सोडतो. मग एन्झाइम न लावता अख्खा थर उचलता येतो. तीन थरांच्या वर पुन्हा तीच रड. उंदरांमध्ये दर एक-दोन दिवसांनी तीन-तीन थर बसवत, मधल्या वेळात त्यात रक्तवाहिन्या शिरू देत, मिलिमीटरभर जाडी गाठली गेली. माणसाची छाती दहा वेळा कोण उघडणार, हा प्रश्न उरतोच.

थेट सुईने पेशी टोचल्या तर बहुतेक वाहून जातात किंवा मरतात. ज्या टिकतात त्या वेगळंच संकट आणतात. २०१४ साली सिअ‍ॅटलच्या गटाने मकाक माकडांना १ अब्ज पेशी दिल्या. त्या रुजल्या, पण सोबत हृदयाच्या तालात बिघाड झाला. कारण या पेशी गर्भातल्यासारख्या कच्च्या असतात, पेसमेकरसारखा स्वतःच ताल धरतात. २०२३ साली तीन जनुकं बंद करून आणि एका जनुकाचं (केसीएनजे२) काम वाढवून त्यांचा हा स्वयंचलितपणा शमवला गेला.

पट्टी हृदयाच्या बाहेरून शिवली तर हा धोका कमी, कारण मधला व्रण विद्युत-अडसर ठरतो. पण त्याच अडसरामुळे पट्टी स्वतःच्या तालात चालते आणि यजमान हृदयाच्या ठोक्याला तिचा हातभार लागत नाही. नेमकं काय चाललंय हे पाहायला कलमाच्या, म्हणजे बसवलेल्या पट्टीच्या, पेशींत आधीच कॅल्शियमला चमकणारं प्रथिन घालतात आणि ती चमक ईसीजीच्या प्रत्येक ठोक्यागणिक येते का ते मोजतात. दर ठोक्याला एक चमक येत असेल तर जोडणी झाली आहे. चमक आहे पण ताल वेगळा, तर पट्टी जिवंत आहे एवढंच म्हणता येतं.